"सोमवारी नक्की देते!"

नमस्कार ताई,

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी चौदा वर्षं घरातच ब्लाउज शिवते. हाताला सफाई आहे असं बायका म्हणतात. अस्तराचं साधं ब्लाउज माझं दोन तासांत होतं. रोज सकाळी ठरवते, आज चार काढायचे. रात्री मोजते तर दोन, कधी दीडच. गिऱ्हाइकाला सोमवार सांगितलेला असतो, ती बिचारी सोमवारी येते आणि मी म्हणते, "परवा या ना, फक्त हूक राहिलेत." गेल्या महिन्यात एका मुलीचं साखरपुड्याचं ब्लाउज आदल्या रात्री दहाला दिलं, तेही हुकांशिवाय. तिनं पिना लावून कार्यक्रम काढला. मला रात्रभर झोप नाही. मिस्टर म्हणतात, तुझा हात चांगला आहे गं, तोंड आवर. पण खरं सांगते, "सोमवारी देते" म्हणताना मी खोटं बोलत नसते. मला तेव्हा खरंच वाटतं, होईल. मग मी खोटारडी की आळशी? की सरळ सगळ्यांना दुप्पट दिवस सांगायला लागू?

आता तीच मुलगी ४ तारखेला लग्नाचे तीन ब्लाउज टाकून गेलीय. म्हणाली, "काकू, तुमच्यासारखी कटोरी कुणाची बसत नाही, पण या वेळी खरी तारीख सांगा." हळद २० ला आहे. मी "दहाला देते" म्हणणार होते, पण जीभ चावली आणि "दोन दिवसांत सांगते" म्हटलं. काय सांगू?

– एक शिवणवाली

ताई,

खोटारड्या तुम्ही नाही. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं, आणि तुम्हाला त्या क्षणी ते माहीतच नसतं. आळशीपणाचं तर नावच नको. रात्री दहाला ब्लाउज पोचवणाऱ्या बाईला आळशी म्हणायला मी काही धजणार नाही. शिवाय हे सगळं मी कुठल्या तोंडानं सांगतेय तेही कबूल करते. तुमचं पत्र आलं तेव्हा संपादकांना मी सांगितलं होतं, "सोपं आहे, दोन संध्याकाळी लिहून देते." आज नववा दिवस आहे.

उत्तर लिहायच्या आधी मी एक काम केलं. आमच्या गल्लीत एक काकू शिवण करतात. एका दुपारी वही-पेन घेऊन मी त्यांच्या मशीनशेजारी जाऊन बसले. विचारलं, "हे जांभळं ब्लाउज किती वेळात होईल?" म्हणाल्या, "दोन तास. चहाच्या आत तुझ्यासमोर संपवते बघ." तेव्हा बाराला दहा कमी होत्या.

अस्तर सकाळीच पाण्यातून काढून वाळत टाकलं होतं. नाहीतर पहिल्या धुण्याला ते आटतं आणि ब्लाउज काखेत धरतं, हे मला तिथं कळलं. ते दोरीवरून काढलं तर काठाला अजून ओलं होतं, म्हणून इस्त्री तापवली. मापाच्या ब्लाउजवर बाईंनी "गळा अर्धा इंच खाली" अशी चिठ्ठी टाचली होती, पण पुढचा की मागचा ते लिहिलं नव्हतं. फोन लावला. उचलला नाही. मग आधी बाह्या कापल्या. कटिंग झालं, मशीनवर बसल्या, तर जांभळं रीळ ट्यूबलाइटखाली बरोबर वाटत होतं ते खिडकीशी नेल्यावर वांगी रंगाचं निघालं. कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरं आणेपर्यंत वीस मिनिटं गेली. तेवढ्यात त्या गळ्यावाल्या बाईंचा उलटा फोन आला आणि गळ्याचं सोडून त्यांच्या सुनेचं सगळं ऐकून घ्यावं लागलं. मग जेवण. मग दारात एक मुलगी, "काकू, फक्त बाजूची शिवण सैल करायचीय, पाच मिनिटांचं काम आहे." त्या पाच मिनिटांच्या कामाला मी घड्याळ लावलं होतं. जांभळा दोरा काढून लाल ओवणं, जुनी शिवण उसवणं, नवी घालणं, मुलीनं आत जाऊन घालून बघणं, "अजून जरा" म्हणणं, पुन्हा उसवणं, आणि शेवटी परत जांभळा दोरा. एकतीस मिनिटं. टक्स आणि कटोरीचं काम मात्र बघत राहावं असं झालं. त्यात त्यांची एक सेकंद वाया गेली नाही. बॉबिन एकदा संपली. हूक आणि हेमिंग उरलं तेव्हा साडेचार वाजले होते.

मी बेरीज केली. ब्लाउजवर प्रत्यक्ष हात होता तो वेळ दोन तास पाच मिनिटं. काकूंचा अंदाज जेमतेम पाच मिनिटांनी चुकला म्हणायचा! पण बाराला दहा कमी ते साडेचार म्हणजे चार तास चाळीस मिनिटं, आणि तरी हूक बाकीच.

ताई, तुमचे दोन तास खरे आहेत. पण ते मशीनचे दोन तास आहेत, घड्याळाचे नाहीत. तुम्ही दिवस आखता मशीनच्या तासांत आणि गिऱ्हाईक येतं घड्याळ बघून.

हे तुमच्या-माझ्यापुरतं नाही. डॅनिएल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये माणसाच्या या खोडीला नाव देऊन ठेवलंय. मराठीत त्याला आपण 'बेत-भ्रम' म्हणू. कानेमनना पुढं २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण या बाबतीतली त्यांची स्वतःची फजिती नोबेलपेक्षा तुमच्या जास्त उपयोगाची आहे. इस्रायलमध्ये शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी एक पाठ्यपुस्तक करायचं होतं. विषय कोणता? निर्णय कसे घ्यावेत! वर्षभर काम झाल्यावर कानेमननी मंडळींना सांगितलं, पुस्तक पुरं व्हायला अजून किती वर्षं लागतील ते प्रत्येकानं कागदावर लिहा. सगळे आकडे दीड ते अडीच वर्षांच्या मधले. मग त्यांनी गटातल्या अभ्यासक्रमांच्या जाणकाराला विचारलं, "आपल्यासारखे दुसरे गट तुम्ही पाहिलेत. त्यांना किती लागली?" तो माणूस गप्प झाला, जरा शरमलाही. म्हणाला, शंभरातल्या चाळीसेक गटांचं काम पुरंच झालं नाही. ज्यांचं झालं त्यांत सात वर्षांच्या आत कुणी नाही, जास्तीत जास्त दहा. आणि आपला गट त्यांच्या तुलनेत कसा? "सरासरीपेक्षा थोडा खालीच." पुस्तक व्हायला पुढं आठ वर्षं लागली, आणि झाल्यावर ते कुणी वापरलंही नाही.

यातली मला आवडणारी जागा आठ वर्षांची नाही. दीड ते अडीचचा आकडा त्या जाणकारानंही लिहिला होता, आणि सात ते दहा वर्षंही त्यालाच माहीत होती. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी-शेजारी बसलेल्या, पण कुणी विचारेपर्यंत एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. तुमचंही तेच आहे. "सोमवारी देते" म्हणताना तुम्ही समोरच्या पिशवीतलं कापड बघता आणि मनातल्या मनात ते शिवून टाकता. कापलं, जोडलं, बाह्या लावल्या, झालं. त्या मनातल्या शिवणात रीळ कधी वांगी रंगाचं निघत नाही. मागच्या पंधरा वेळा काय झालं ते तुम्हाला पाठ असतं, पण तो हिशेब वेगळ्या कप्प्यात राहतो. मागच्या वेळी उशीर झाला कारण सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं, त्याच्या आधी लाईट गेली म्हणून, त्याच्याही आधी मुलाची परीक्षा. दर वेळचं कारण वेगळं, म्हणून आपण ते अपवादात टाकतो. कारण वेगळं असेल हो, पण काहीतरी निघतंच हे ठरलेलं. त्यातून काम संपल्यावर ते होतं त्यापेक्षा लहान आठवतं, ही आणखी एक गंमत. उद्या काकूंना विचारलंत तर त्या जांभळं ब्लाउज दोनच तासांचं सांगतील, आणि शपथेवर सांगतील.

बरं, "मी वाईटात वाईट धरूनच चालते" म्हणणाऱ्यांचंही काही खरं नाही. कॅनडात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी संपेल ते विचारलं होतं. सरासरी उत्तर होतं ३४ दिवस. सगळंच्या सगळं बिघडलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. म्हणजे मुलांनी घाबरून-घाबरून जो आकडा सांगितला त्याच्याही पुढं गाडी गेली.

थोडं गणितही बघा, मला ते पटलं म्हणून सांगते. एका ब्लाउजात माप, अस्तर, रीळ, कटिंग, शिलाई, हूक, हेमिंग, ट्रायल अशा आठ पायऱ्या धरू. प्रत्येक पायरी दहापैकी नऊ वेळा बिनघोर पार पडते असं म्हणू, म्हणजे तुम्ही कामाला पक्क्याच आहात. तरी आठच्या आठ पायऱ्या एकाच ब्लाउजात बिनघोर जाण्याची वेळ शंभरात त्रेचाळीसदाच येते. आणि अडचणी एकाच बाजूला ओढतात. रीळ चुकलं तर वीस मिनिटं जातात, पण रीळ बरोबर निघालं म्हणून वीस मिनिटं हातात पडत नाहीत. तुम्ही सकाळी चार ब्लाउज धरता तो दिवस घडायचा तर अशा बत्तीस पायऱ्यांत कुठंच काही खुट्ट व्हायला नको. असा दिवस तुमच्या आयुष्यात कधीतरी आलेला असणार, तोच तुम्ही रोज मापाला घेता.

आता दारातली गोष्ट. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही तारीख सांगता कधी? गिऱ्हाईक समोर उभं असतं, पिशवीतून साडी काढून दाखवत असतं, "भावाचं लग्न आहे हो" म्हणत असतं. तुम्हाला तिला खूश करायचं असतं, शिलाईचे पैसेही हवे असतात आणि ती दुसरीकडे जाऊ नये असंही वाटतं. मनात जे व्हावंसं वाटतं तेच अंदाज म्हणून तोंडातून बाहेर पडतं. कॅनडातच करदात्यांना विचारून पाहिलं होतं, विवरणपत्र कधी भराल? ज्यांना पैसे परत मिळणार होते त्यांनी बाकीच्यांपेक्षा बऱ्याच आधीची तारीख सांगितली, पण प्रत्यक्षात त्यांनी तितकी घाई काही केली नाही. पैशाच्या आशेनं अंदाज पुढं पळाला, हात जिथं होते तिथंच राहिले. म्हणून उंबऱ्यात उभं राहून तारीख सांगायची नाही. "वही बघून सांगते" एवढं म्हणा, आत या, पाणी प्या, वही बघा. मुलीसमोर तुम्ही जीभ चावलीत ना, तेच करायचंय, फक्त दर वेळी.

तुमच्या मिस्टरांचं मात्र एका बाबतीत ऐका. दुसऱ्याच्या कामाचा अंदाज माणूस जास्त सावधपणे देतो, कारण त्याला तुमच्या मनातलं शिवण दिसत नाही, फक्त मागचे उशीर दिसतात. आठवडाभर रोज सकाळी त्यांना विचारा, "आज किती होतील?" आणि आकडा लिहून ठेवा. रात्री तुमचा आकडा, त्यांचा आकडा आणि खरा आकडा शेजारी मांडा. मात्र त्याच वहीत त्यांच्या "जरा चौकात जाऊन येतो"चीही नोंद ठेवा. फिटंफाट!

आता सरळ दुप्पट दिवस सांगण्याबद्दल. नको, कारण दुप्पट हाही अंदाजच. शिवाय हातात वेळ जास्त असला की काम पसरतं. नॉर्थकोट पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकानं १९५५ मध्ये हेच थट्टेच्या सुरात लिहिलं आणि लोकांनी त्याचा नियमच करून टाकला. बारा दिवस सांगितले तर कापड दहा दिवस पिशवीतच राहील आणि अकराव्या रात्री पुन्हा दहा वाजता तुम्ही त्या मुलीच्या दारात.

अंदाज हवाच कशाला, तुमच्याकडे पावतीपुस्तक आहे. मी तुम्हाला मेसेज करून शेवटच्या दहा पावत्या काढायला सांगितल्या होत्या, आठवतंय? ब्लाउज घेतलं कधी, गिऱ्हाईक खरोखर घेऊन गेलं कधी. सांगितलेली तारीख बघायचीच नाही. तुम्ही दिवस पाठवलेत ते चढत्या क्रमानं लावले: ६, ७, ७, ८, ८, ९, ९, १०, १२, १५. आणि खाली तुम्हीच लिहिलंत, "सगळ्यांना तीन ते पाच दिवस सांगितले होते हो." बघा, दोन तासांच्या कामाला आठ-नऊ दिवस! कारण त्या ब्लाउजच्या पुढं रांगेत दुसरी ब्लाउजं आहेत, त्यांच्या पुढं अल्टरवाल्या बायका आहेत आणि सगळ्यांच्या पुढं तुमचं घर आहे.

या दहातला आठवा आकडा धरायचा. मधला धरलात, म्हणजे आठ-नऊ दिवस सांगितलेत, तर निम्म्या बायका हात हलवत परत जातील. सगळ्यात मोठा धरलात तर गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जाईल. आठवा आहे १०. तुमचं आजचं खरं उत्तर दहा दिवस. महिन्यानं नव्या दहा पावत्या काढा. रांग आवरली असेल तर तो आकडा आपोआप उतरेल, आणि तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झाली की चढेल. चढला तर तोच सांगायचा, किंवा नवं ब्लाउज घ्यायचंच नाही.

दिवस आखताना चारच्या जागी दोन लिहा. "दोनच?" असं मनात येईल. आत्ता दोनच होतात ना? मग लिहिताना लाज कसली. कुठल्या वेळेला काय हेही त्याच्यासमोर लिहा: भांडी आवरली की कटिंग, मुलगा शाळेतून यायच्या आत मशीन, रात्री मालिका बघताना हूक आणि हेमिंग. नुसतं "आज करायचं" असं लिहिलेलं काम उद्यावर जातं. अल्टरला एक वार ठरवून द्या. बुधवार म्हणा, दारावर पाटी लावा. तुमच्याकडे देखभालीसाठी ज्या वारी लाईट जाते तो दिवस मशीनचा धरूच नका, अस्तरं भिजवायला आणि मापं घ्यायला ठेवा. आणि पिशवी हातात घेतल्या घेतल्या, गिऱ्हाईक समोर असतानाच, या चार गोष्टी तिच्याकडून वदवून घ्या: गळा पुढचा की मागचा, नाडी की हूक, लटकन कोण आणणार, रीळ उजेडात बघितलं का. काम असं सुटं-सुटं मोजलं की अंदाज खऱ्याच्या जवळ जातो. जस्टिन क्रुगर आणि मॅट इव्हान्स या अमेरिकी संशोधकांनी २००४ मध्ये लोकांकडून असंच करवून पाहिलं, त्यात स्वयंपाकासारखी साधी कामंही होती. माझा स्वतःचा अनुभव पुरणपोळीचा. विचारलंत तर मी "तासाभरात" म्हणेन, कारण डोळ्यासमोर फक्त लाटणं येतं. डाळ शिजणं, कट निथळणं, गुळाबरोबर पुरण आटणं, गरम असतानाच ते यंत्रातून काढणं, कणीक तेलात मुरणं, आणि शेवटी ते यंत्र घासणं यातलं काहीच येत नाही. यंत्र घासायलाच पाव तास जातो.

राहिली ती मुलगी. सदर छापून येईपर्यंत तिची हळद होऊन गेलेली असेल, म्हणून हे तुम्हाला ६ तारखेलाच फोनवर सांगितलं होतं. बाकीच्यांना उत्सुकता असेल म्हणून इथं लिहिते. कापड आलं ४ ला. तुमच्या पावत्यांप्रमाणे दहा दिवस म्हणजे १४. पण ब्लाउजं तीन आहेत आणि लग्नाची आहेत, म्हणजे ट्रायल होणारच आणि ट्रायलनंतर काहीतरी उसवावं लागणारच. म्हणून १४ ला तिला ट्रायलला बोलवायचं, हूक लावून. हूक नसलेली ट्रायल चालणार नाही, कारण तुमची खोटी दर वेळी तिथंच होते. द्यायची तारीख १७. हळदीच्या आधी तीन दिवस उरतात, ते कुणालाही सांगायचे नाहीत, मिस्टरांनाही नाही.

ती म्हणेल, "सतरा? काकू, इतके दिवस?" तेव्हा "बघते, जमलं तर आधी" असं चुकूनही म्हणू नका. "हो, सतरा" म्हणा आणि पावतीवर लिहून तिच्या हातात द्या.